दादाच्या कॅमेऱ्याचं कार्ड

दादाचा जलदान विधी झाला, पाहुणे आपापल्या घरी गेले, आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी वहिनी आमच्याकडे लालबागला आली. एकटीच आली. माझी बायको चहा टाकायला उठली तर ‘नको गं, पिऊन आलेय’ म्हणाली. मग पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. टॉवेल उलगडला तर आत दादाचा कॅमेरा.

अठरा वर्षांनी मी तो बघत होतो. चंदेरी रंगाचा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा जाड. दादा प्रिंटिंग प्रेसमध्ये कामाला होता तेव्हा त्याने घेतलेला. आमच्या परळच्या चाळीतला पहिला डिजिटल कॅमेरा. मी तो उलटा केला. खाली बॅटरीचं झाकण नव्हतं. आतली खाच रिकामी, पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला. बॅटरी नाही, चार्जर नाही, कार्डही नाही.

‘बाकीचं तुमच्याकडे आहे असं हे म्हणाले होते,’ वहिनी म्हणाली. ‘शेवटच्या आठवड्यात. म्हणाले, भावजींकडून माग, त्याने जपून ठेवलंय.’

माझी बायको माझ्याकडे बघायला लागली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

‘आहे ना?’ वहिनीने विचारलं.

‘शोधावं लागेल,’ मी म्हणालो. ‘इतकी वर्षं झाली. पण शोधतो.’

हे खोटं होतं. शोधण्यासारखं काही नव्हतं, आणि ते मला त्या क्षणीही पक्कं माहीत होतं.

दादाला एकच मुलगी झाली. पाच वर्षांची होऊन गेली. पावसाळ्यात ताप आला, चौथ्या दिवशी हॉस्पिटलात हलवली, सहाव्या दिवशी संपलं. डेंग्यू. त्या दिवसांबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. मला आठवतं ते एवढंच, की दादा तिला दोन्ही हातांवर आडवी घेऊन चाळीचा जिना चढला आणि त्याने कुणालाही हात लावू दिला नाही.

फोटोंचं असं झालं होतं, की दादा चाळीतल्या सगळ्यांचे फोटो काढायचा. साखरपुडे, बारशी, म्हाताऱ्यांचे, दहावी पास झालेल्या पोरांचे. कार्ड काढून दादरच्या लॅबमध्ये न्यायचा, ज्यांचे असतील त्यांना छापून आणून द्यायचा. स्वतःच्या घरातले मात्र राहून जायचे. ‘कार्डात आहेत, कुठे पळून जातायत? छापू सावकाश,’ म्हणायचा. पोरगी गेली तेव्हा घरात तिचा छापलेला फोटो एकच होता, बालवाडीत नाव घालताना काढलेला. चपचपीत तेल, ओढून घातलेल्या दोन वेण्या, फोटोवाल्याला घाबरून ताणलेले डोळे. तोच मोठा करून फ्रेममध्ये लावला. वहिनी म्हणायची, ‘ही ती नव्हेच.’ आणि खरंच, ती अशी दिसायची नाही. ती सारखी बोलायची, तिचं तोंड बंद असं मी कधी पाहिलं नव्हतं.

बाकी सगळी कॅमेऱ्यात होती. आंघोळीच्या पाण्यात, गॅलरीच्या कठड्याला धरून, माझ्या खांद्यावर, झोपलेली. वहिनी तो कॅमेरा मांडीवर घेऊन बसायची आणि मागचं बटण दाबत राहायची. एक फोटो, पुढचा, पुढचा, शेवटचा, परत पहिला. बॅटरी संपली की चार्जर लावायची आणि त्या लाल दिव्याकडे बघत बसायची. दिवा हिरवा झाला की पुन्हा सुरू. सकाळी दादा कामावर जाताना ती जिथे बसलेली असायची, तिथेच संध्याकाळी सापडायची. शेजारणी ताट ठेवून जायच्या, ते तसंच. अंगावरची साडी तीन-तीन दिवस तीच. दोन महिन्यांत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एकदा ती गॅलरीच्या टोकाला कठड्यावर ओणवून खाली बघत उभी दिसली, बराच वेळ. दादाने ते पाहिलं आणि त्याची पाचावर धारण बसली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तो माझ्या वर्कशॉपला आला. मी हॉस्पिटलांची यंत्रं दुरुस्त करतो, ईसीजी मशिन, सलाइनचे पंप असलं. तेव्हा आमचं वर्कशॉप परळला एका बंद गिरणीच्या आवारातल्या गाळ्यात होतं. दादाने खिशातून रुमाल काढला. त्यात बॅटरी, चार्जर आणि ते कार्ड, पोस्टाच्या तिकिटाएवढं. घाईत बॅटरी ओढताना झाकणही तुटून हातात आलं होतं, तेही त्याने आणलं होतं.

‘हे कुठेतरी ठेव,’ तो म्हणाला. ‘कुठे ते मला पण सांगू नको. ती रडायला लागली की मी देऊन टाकीन.’

‘कधीपर्यंत?’

‘ती जेवायला लागेपर्यंत. मग बघू.’

मी रुमालाची पुरचुंडी टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात टाकली. माझं वय तेव्हा चोवीस. दादाने माझ्यावर काहीतरी सोपवलं याचं मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

वहिनीने ते सामान सगळीकडे शोधलं. माळा उपसला, गाद्या उसवल्या, चाळीत दारोदार विचारून आली. दादाने सांगितलं, हरवलं. तिचा विश्वास बसला नाही. दोन आठवडे ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मग हळूहळू उठली, एक दिवस भाकऱ्या थापल्या, पुढे एका शाळेत आयाचं काम धरलं. मी मनात म्हटलं, दादाने बरोबर केलं.

साधारण वर्षाने गिरणीचं आवार टॉवरवाल्यांनी घेतलं. गाळे रिकामे करायची नोटीस आली. मी तेव्हा नाशिकला एका हॉस्पिटलात यंत्रं बसवायला गेलो होतो, खणातली पुरचुंडी माझ्या डोक्यातही नव्हती. चार दिवसांनी परत आलो तर गाळ्याला शटरच नव्हतं. मालकाने कामाची यंत्रं शीवच्या नव्या जागेत हलवली होती, आणि टेबलं, कपाटं, जुनी लाकडं भंगारवाल्याला देऊन टाकली होती. मी धावत भंगारवाल्याकडे गेलो. माझं टेबल त्याच्या दारात उभं होतं. खालचा खण उघडला. रिकामा. ‘खणांतला कचरा तिथेच झाडला सगळ्यांनी,’ तो म्हणाला. मी परत आवारात आलो तेव्हा जेसीबी चालू होता.

त्याच संध्याकाळी दादाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. मग रविवारी, मग जरा वहिनी सावरू दे, मग. दोनेक वर्षांनी दादाने आपणहून विषय काढला. आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो होतो. समोर पोरं क्रिकेट खेळत होती, तिकडेच बघत त्याने विचारलं, ‘ते आहे ना रे?’

‘आहे,’ मी म्हणालो.

‘ठेव. अजून नको.’

त्याच्या मनात ते ‘अजून नको’च राहिलं. आज देऊ, उद्या देऊ करता करता त्याचीही वर्षं गेली. नवरा-बायको एका खोलीत राहिले, एकमेकांचं दुखणं-खुपणं पाहिलं, पण कॅमेऱ्याचं नाव कधी निघालं नाही. शेवटी त्याची किडनी गेली. डायलिसिसवर दीड वर्ष काढलं. शेवटी शेवटी मी हॉस्पिटलात त्याच्या खाटेशी बसलेलो असताना तो म्हणाला, ‘तिला दे आता. माझ्याच्याने झालं नाही.’ मी म्हणालो, ‘देतो.’ त्याने माझ्या हातावर हात ठेवला. सुजलेला, गार हात.

वहिनी कॅमेरा ठेवून गेली त्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘मग शोधतो कशाला म्हणालात?’

कार्ड मी आणू शकत नव्हतो. पण कॅमेरा चालू करणं माझ्या हातात होतं, म्हणून मी त्याच्या मागे लागलो. लॅमिंग्टन रोडला फिरलो. त्या मापाची बॅटरी आता कुणी ठेवत नाही. एका दुकानात धूळ खात पडलेली एक मिळाली, ती पाकिटातच फुगलेली. शेवटी कुणीतरी गिरगावातल्या एका म्हाताऱ्याचं नाव सुचवलं. फणसवाडीच्या अलीकडच्या एका वाडीत राहणारा, इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा ख्रिश्चन. फोर्टात चाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त केलेले, आता घरातच. त्याच्या बाहेरच्या खोलीत बुटांच्या खोक्यांत मेलेले कॅमेरे कंपनीवार लावून ठेवलेले होते.

त्याने भिंग डोळ्याला लावून आत पाहिलं. ‘व्हिनेगरने साफ कर, मग स्पिरिट मार. पट्ट्या शाबूत आहेत.’ मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘कोण गेलं?’

‘तुम्हाला कसं कळलं?’ मी विचारलं.

‘अरे बाबा, एवढा जुना कॅमेरा कोणी फोटो काढायला चालू करत नाय. माणूस गेला की लोक माझ्याकडे येतात.’

मी म्हटलं, भाऊ. आणि कार्डही हरवलंय.

‘कार्ड हरवलं तर हरवलं. बॉडीच्या आत पण थोडी जागा असते. कार्ड नसताना काढले तर दहा-पंधरा फोटो आतच राहतात. कार्ड घातलं की ते दिसत नाय, म्हणून लोकांना माहीत नसतं. पयलं चालू तर कर.’

त्याने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, झाकणाच्या कडेला आत एक बारीक बटण असतं. झाकण बंद असलं की ते दबतं. झाकण नसेल तर कॅमेऱ्याला वाटतं आपण उघडे आहोत, आणि तो चालू होत नाही. तिथे आगकाडीचा तुकडा दाबून बसवायचा. दुसरं, बॅटरीला तीन पट्ट्या असतात, दोन विजेच्या आणि मधली बॅटरी तापलीय का ते सांगणारी. मधली रिकामी सोडली तर कॅमेरा बॅटरी ओळखतच नाही.

निघताना मी खोक्यात पाहिलं तर तसलंच एक कार्ड होतं. तीच जात, तोच आकार. ‘हे देता?’ विचारलं. ‘घेऊन जा, कोरं आहे,’ तो म्हणाला. मी ते शर्टाच्या खिशात ठेवलं. कशासाठी ठेवलं ते मला नीट माहीत होतं. वहिनीला देता आलं असतं. सांगता आलं असतं की इतक्या वर्षांत फोटो उडून गेले, यंत्राचा भरवसा नसतो. तिला खरं-खोटं कळायला मार्ग नव्हता. कुणालाच नव्हता.

शीवच्या वर्कशॉपमध्ये मी बॅटरीच्या मापाचा लाकडाचा ठोकळा तासला. खाचेत बसेपर्यंत कानशीने घासला. त्याला तीन पितळी पट्ट्या लावल्या, बॅटरी तापलेली नाही असं कॅमेऱ्याला भासावं म्हणून मधल्या पट्टीला रेझिस्टर जोडला, आणि वायरी बाहेर काढून पॉवर सप्लायला दिल्या. आगकाडी खोचली. बटण दाबलं. लेन्स कण्हल्यासारखा आवाज करत अर्धी बाहेर आली आणि सगळं बंद पडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लेन्स ढकलताना कॅमेरा जास्त वीज ओढत होता आणि माझ्या बारीक वायरींतून ती पुरेशी पोचत नव्हती. जाड वायरी घेतल्या, आखूड केल्या. तिसऱ्या खेपेला लेन्स पूर्ण बाहेर आली आणि मागचा पडदा उजळला.

आधी कॅमेऱ्याने तारीख विचारली. मी ती न टाकता पुढे गेलो. मग कार्ड नसल्याची खूण आली आणि लुकलुकत राहिली. मी फोटो बघायचं बटण दाबलं.

आत पाच फोटो होते.

पहिल्यात काहीच कळत नव्हतं, नुसता अंधार आणि कडेला उजेडाची रेघ. दुसऱ्यात जमिनीची लादी. तिसऱ्यात मोरीपाशी उकिडवं बसून भांडी घासणारी बाई, पाठमोरी, पदर खोचलेला. ती वहिनी होती. चौथ्यात पुन्हा लादी, आणि खालच्या कोपऱ्यात एक लहान पाऊल, नखांना लाल नेलपॉलिश, अर्धं उडालेलं. पाचव्यात खालून वर दिसणारा दादा. अवाढव्य. तोंड उघडं, हात पुढे केलेला, बोटं लेन्सच्या अगदी जवळ येऊन पुसट झालेली.

मला कळायला थोडा वेळ लागला. दादा कार्ड घेऊन लॅबला जायचा तेव्हा कॅमेरा घरीच असायचा. एखाद्या दिवशी तो पोरीच्या हाती लागला असणार. हे तिने काढले होते. तिचा चेहरा एकातही नव्हता.

शेजारच्या टेबलावर ईसीजी मशिन टेस्टिंगला लावलं होतं. ते आपलं कागद सोडत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीला वर्कशॉपला बोलावलं. शाळा सुटल्यावर ती निळ्या साडीत, तशीच आली. लाकडाचा ठोकळा, बाहेर लोंबणाऱ्या वायरी, आगकाडी हे सगळं तिने पाहिलं. ‘हे काय केलंत?’ म्हणाली. मी कॅमेरा चालू करून तिच्या हातात दिला. तिचा अंगठा आपोआप बरोबर त्याच बटणावर गेला.

पहिला फोटो. दुसरा. तिसऱ्याला ती थांबली. ‘ही मी,’ म्हणाली. चौथ्याला तिच्या तोंडून आवाज निघाला, शब्द नव्हे. तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, पाऊल पडद्याच्या मधोमध आणलं.

‘माझी बाटली होती ती. पूर्ण सांडून ठेवली होती. मी मारलं होतं तिला.’

ती त्या पावलाकडे बघत राहिली. मग पाचवा फोटो आला. त्या फोटोपाशी ती फारशी थांबली नाही. पुन्हा चौथ्यावर गेली. नजर न हलवता म्हणाली, ‘आणि कार्ड?’

माझा हात खिशाकडे गेला. कोरं कार्ड तिथेच होतं. दोन बोटांत धरलंसुद्धा. मग सोडून दिलं.

‘कार्ड नाही, वहिनी.’

‘सापडलं नाही?’

‘शोधलंच नाही. ते कधीच गेलं. परळचा गाळा पाडला तेव्हा. मी खणात टाकून ठेवलं होतं आणि विसरलो. सतरा वर्षं झाली.’

तिने आता माझ्याकडे पाहिलं. ‘ह्यांना माहीत होतं?’

‘नाही. मी त्याला आहे म्हणून सांगितलं.’

‘कधी?’

‘दोनदा. शिवाजी पार्कला, आणि नंतर हॉस्पिटलात.’

‘हॉस्पिटलात पण?’

‘हो.’

ती उठली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळूहळू, एकेक शब्द सुटा करत बोलली. ‘ह्यांनी माझ्यापासून लपवलं ते मी जगावं म्हणून. ते मला शेवटी त्यांनी सांगितलं. मी त्यांना माफ पण केलं, भावजी. का केलं माहितीय? मला वाटलं, ते सगळं कुठेतरी आहे. हा माणूस गेला की माझी पोरगी मला परत मिळेल, असं मनात आलं माझ्या. ते मरत असताना असलं मनात आणलं मी.’

‘वहिनी—’

‘तुम्ही नका बोलू.’

तिने कॅमेरा टेबलावर ठेवला. वायर ताणली गेली, ठोकळा हलला आणि पडदा विझला. लेन्स बाहेरच राहिली. मी तो पुन्हा लावायला हात पुढे केला तर म्हणाली, ‘राहू दे.’ पिशवी उचलली आणि गेली. मी दारापर्यंत गेलो. ती सायन हॉस्पिटलच्या बाजूला वळेपर्यंत दिसत होती. तिने मागे पाहिलं नाही.

नंतर मी कॅमेरा चालू केला आणि पाचही फोटोंचे मोबाइलने फोटो घेतले. कॅमेऱ्याची मूळ केबल कुठेच मिळाली नाही, म्हणून दुसरा मार्ग नव्हता. दादरला छापून आणले. थोडे धुरकट आले, पडद्याच्या रेषा दिसतात. एका लिफाफ्यात घालून, कॅमेऱ्यासकट, बायकोच्या हाती वहिनीकडे पाठवले. बायको दुपारी गेली ती संध्याकाळी आली. लिफाफा परत घेऊन आली. आत एकच फोटो होता, दादाचा.

‘चार ठेवून घेतले. हा म्हणाली भावजींना द्या,’ बायको म्हणाली.

‘आणखी काही म्हणाली?’

‘नाही. चहा केला माझ्यासाठी. तुमचं नाव काढलं नाही.’

तो फोटो मी कपाटात कपड्यांखाली ठेवलाय. भिंतीवर लावायचा धीर होत नाही. दादा त्यात तिशीतला आहे, ‘अगं दे, पडेल’ असलं काहीतरी म्हणत असावा. मी आता त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो.

दादाच्या पहिल्या स्मृतिदिनाला आम्ही सगळे वहिनीकडे गेलो. वंदना झाली. चाळीतले जुने शेजारी आले होते, दादाने काढलेले आपापले फोटो कुणाकुणाकडे अजून आहेत असं बोलत होते. पंगत बसली. वहिनी स्वतः वाढत होती. माझ्यासमोर आली तेव्हा मी मान खाली घातली. ताटात आमटी पडली, मग भाजी.

‘भात वाढू?’ तिने विचारलं.

‘थोडा.’

तिने थोडाच वाढला आणि पुढच्या ताटाकडे गेली. वर्कशॉपमधल्या त्या दिवसानंतर वर्षभरात आम्ही तेवढंच बोललो.